तिरकं माप

उद्यमनगरात आमचं शेड, मागच्या गल्लीला,
जिथं दुपारच्या वाऱ्याबरोबर
फौंड्रीची वाळू चहाच्या कपापर्यंत येते.
अण्णा गेट करतात. बत्तीस वर्षं.
ग्राइंडरनं डावा कान एकरकमी नेला,
उजवा हप्त्याहप्त्यानं.

चौकट टाके मारून झाली
की ते टेपचं टोक माझ्या हातात द्यायचे.
"तिरकं बघ."
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उरलेलं.
दोन्ही सारखी भरली, तर गेट गुण्यात.
फरक निघाला, तर लांबीच्या कोपऱ्यावर
हातोड्याचा एक दणका,
परत टेप.

नववीत चौगुले बाईंनी फळ्यावर आयत काढला,
तिरपी रेघ मारली, म्हणाल्या, हा कर्ण.
मला हसू आलं.
आमच्या घरात हा शब्द
सिव्हिलच्या दाखल्यावर होता:
कर्णबधिर, टक्के त्रेसष्ट.

त्या आठवड्यात पाच बाय सातचं गेट होतं.
पंचवीस, एकोणपन्नास, चौऱ्याहत्तर.
वर्गमूळ वहीच्या मागच्या पानावर ओढून काढलं:
आठ फूट सव्वासात इंच.
टेप लावायच्या आधीच खडूनं फरशीवर लिहिलं.
अण्णांनी मोजलं. खडूकडं बघितलं. मग माझ्याकडं.
आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं
अस्लम शिकलगारला म्हणाले,
"हिला चा सांग. फुल्ल."

पाचगावचं गेट मात्र फसलं.
मालकांनी फोनवर चार बाजू सांगितल्या,
वर आठ, खाली आठ, दोन्हीकडं सहा.
फोन मीच घेते. मीच म्हणाले,
सहा, आठ, दहा, त्यात काय बघायचं!
टेम्पोतून नेलं, उभं केलं, बसेना.
रस्ता उताराचा. गवंड्यानं खांब ओळंब्यात घेतलेले
आणि वरचा बीम रस्त्याच्या मर्जीनं.
एक कर्ण पावणेदहा,
दुसरा सव्वादहा.
बाजू चारही खऱ्या.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.

परतताना हौद्यात गेटला टेकून
मी दोन्हींचे वर्ग केले, मिळवले.
दोनशे, वर एक अष्टमांश.
सरळ गेटचे दहा न् दहा, त्यांचेही दोनशेच!
एकानं अंग चोरलं की दुसऱ्याला ताणावं लागतं.
अष्टमांश आमच्या टेपचा,
नाहीतर टेंबलाईच्या खड्ड्यांचा.
अण्णांना सांगायचं होतं, पण टेम्पोत
मलाच माझं ऐकू येत नव्हतं.

रागावले नाहीत. शेडात आल्यावर
चार पट्ट्या घेतल्या, चार बोल्ट,
चौकोन जोडून माझ्या हातात दिला.
तो जांभई दिल्यासारखा आडवा झाला.
बाजू त्याच. आकार हवा तो.
मग पाचवी पट्टी, कोपरा ते कोपरा.
"आता हलीव."
हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जोड कापून
अण्णांनी गेट वाकडं केलं, अगदी मापात वाकडं,
आणि ते पाचगावात असं बसलं
की मालक म्हणाले, आधी काय झालं होतं?

आता फोनवर मी आधी तिरकंच विचारते.
लोक वैतागतात. टेप अपुरा आहे म्हणतात.
दोरीनं मोजा, म्हणते मी, गाठ मारा, थांबते मी.

रात्री जेवताना
अण्णांच्या तिरकी बसते, उजव्या अंगाला.
तेवढ्या अंतरावर
अजून ऐकू येतं त्यांना.