ओढ्याच्या अलीकडे

डबीचं झाकण घट्ट लावा, सांगते मी दारोदार.
माणसं आधी आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे.
सकाळचं सकाळीच द्या. वाटाण्याएवढं पुरे.
चे म्बेवेंनी पहिल्या वर्षी शेळीच्या लेंड्या भरून दिल्या होत्या.
प्रयोगशाळेतून फोन आला:
तुमचा हा गावकरी नुसता पाला खातो का?
हसले. मग पुन्हा गेले, नवी डबी घेऊन.

गोळी सगळ्यांना द्यायची. नुसत्या शाळकरी पोरांना नव्हे,
जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांना,
फळ्यांवर उसिपा वाळत घालणाऱ्या बायकांना,
रात्री सरोवरावर आणि दिवसा घोरणाऱ्या कोळ्यांना,
आणि ज्याला कधीच काही होत नाही, त्याला सर्वांत आधी.
जंत मातीत दबा धरतो, अनवाणी तळव्यातून चढतो.
एक अंगण सुटलं की गाव सुटलं.
हे वाक्य प्रशिक्षणातलं. आता माझंच झालंय.

म्हणून समोर उभं राहायचं. चावली का, गिळली का.
जीभ दाखवा, चे.
वहीत बरोबरची खूण.

पण ओढ्याच्या पलीकडे नाही.
चिंचेखाली, सगळ्यांच्या देखत, बादलीतून चिठ्ठ्या निघाल्या.
सातवीतल्या मुलीनं काढल्या, डोळ्यांवर चितेंजे बांधून.
आमची हिरवी. पलीकडची पांढरी.
पांढरी म्हणजे जसं चाललंय तसं, गोळी फक्त शाळेत.
ताडून बघायचं तर काहीतरी तसंच राहावं लागतं.
साहेबांनी नीट समजावलं. मलाही पटलं.

आमच्यात नांदायला पुरुष जातात.
माझा भाऊ ब्वानाली पलीकडे नांदतो,
सासूच्या अंगणात.

दुसऱ्या वर्षी, गोळ्यांच्या दिवशी, तो ओढा उतरून आला,
चपला हातात, आणि रांगेत उभा राहिला.
त्याची पाळी आली तेव्हा मी यादी वाचत राहिले
नाव नसलेल्या ओळीवर बोट ठेवून.
'बाजारात मिळते ही,' तो म्हणाला,
'शेंगदाण्याच्या पुडीएवढ्या पैशात. गोळीसाठी नाही आलो.
तू म्हणे घरातलं तान्हंसुद्धा मोजलंस.
माझी नाळ याच उंबऱ्यापाशी पुरलीय.
म्हटलं, बघावं, आपण कुठल्या रकान्यात पडतो.'

रकाना नव्हता.

मी त्याला नसिमा वाढली, वर उसिपाचं कालवण.
तो जेवला, हात धुतले, गेला.
ओल्या मातीत पावलं उमटली, पाचही बोटांची.
चपला अजून हातातच.

तिसऱ्या वर्षानंतर गोळ्या थांबल्या. आता नुसतं बघायचं,
परत येतात का.
प्रयोगशाळेतल्या तिसायेनं मला एकदा नळीला डोळा लावू दिला.
हिरवट उजेड, आणि त्यात एक पातळ कवचाचं अंडं,
इतकं नितळ, की मी श्वास धरला.
'आकडीच्या जंताचं,' ती म्हणाली. 'तासाभरात काचेवरच विरून जातं.
उशीर झाला की आपण शून्य लिहितो, आणि ते शून्य खोटं.'
वहीत दोन्ही शून्यं सारखीच गोल.

कुणाचं होतं, सांगितलं नाही तिनं.
डबीवर नाव नसतं, आकडा असतो.
घरी येताना मी आकडे आठवत राहिले, अंगणं आठवत राहिले.
मच्छीमारी करून परतलेला पाहुणा? चे म्बेवे?
मी?

आज ओढ्यावर ब्वानाली भेटला.
'शून्य आलं का तुमच्याकडे?'
निकाल अजून बंद पाकिटात, म्हटलं.
'आलं तर आमच्याकडेही घरोघर वाटाल?'
तसं ठरलंय.
'आणि नाही आलं तर?'
पाण्यात पोरं डुंबत होती, दोन्ही काठांची,
कोण कुठल्या चिठ्ठीचं, कळत नव्हतं.
त्यानं माझ्या पिशवीवर हात ठेवला,
बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा, जराही भार न देता.
मोटारसायकल साडेआठला सुटते.
जा, म्हणाला, उशीर करू नकोस.