पाटकरी

आखाजीला गावानं मला पाटकरी केलं.
कारण साधं : मी कधी कुणाचा बांध कोरला नव्हता.
दाराची चावी कमरेला आली.
चालताना वाजायची, आधी लाज वाटायची,
मग मी जरा वाजवतच चालू लागलो.

फाल्गुनात पांझरा बारीक झाली.
एका रात्री माझ्या मिरचीला
एक बिडी ओढून होईल एवढं पाणी जास्त सोडलं.
चंद्र होता, कुत्रं होतं,
दोघंही काही बोलले नाहीत.
दुसऱ्या रात्री दोन बिड्या.
तिसऱ्या रात्री बिडी पेटवायचंच विसरलो,
आणि हिलालला सांगितलं, वरूनच कमी येतंय.
खोटं इतकं गुळगुळीत निघालं
की मलाच खरं वाटलं.

शेपटाच्या वाफ्याची धनकोरबाई सकाळी आली.
ओट्यावर कोरडं ढेकूळ ठेवलं. शिवी दिली नाही.
"तू चोर नही रे भो,
पन चावी एकच शे, नि रात मोठी शे."

आता दाराला दोन कुलपं.
दुसरी चावी शेपटाकडे.
पाटकऱ्याचं शेत पाळीत सगळ्यांच्या मागून भिजतं,
आणि आखाजी आली की दोन्ही चाव्या पारावर.

हे मीच मांडलं.
लोक म्हणाले, केवढा सरळ माणूस!
अजून पाच वर्षं तूच राहा.

नाही म्हणण्याआधी
माझा हात कमरेला गेला होता.
चावी तिथे नव्हती,
तरी.