चारची फेरी

बारा हजार तास उडालो,
तेराव्या हजाराचं पुढचं चाक चिखलात रुतलं.
धावपट्टी संपते तिथे विमान
रुसलेल्या व्याह्यासारखं तिरकं बसलेलं.
एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं घसरगुंडीवरून उतरली.
कुणाची चप्पल राहिली, कुणाचा डबा.
रक्त नाही. बातमीही दीड दिवसाची.

उजवीकडे शर्वाणी तांडेल होती,
करावे गावची, चार पिढ्या सुकाणू धरलेलं घर.
ती म्हणाली, "सर, उंच आहोत."
मी म्हणालो, "दिसतंय मला."

चौकशीच्या खोलीत ते दोन शब्द
मला अकरा वेळा ऐकवले.
माझाच आवाज. शांत, जरा कंटाळलेला,
दुपारी दारावरच्या भाजीवाल्याला "नको" म्हणावं तसा.
तिसऱ्यांदा ऐकताना कळलं,
मी पाहिलंच नव्हतं.

कॅप्टन गुर्जर खांद्यावर थोपटून म्हणाले,
"वारा होता रे, पाणी होतं, कुणाचंही झालं असतं."
ती गादी मऊ होती.
दोन रात्री झोपलो तिच्यावर.

मग सहा महिने घरी. सीवूड्स, सातवा मजला.
गॅसचं बटण तीनदा बघायचो.
लिफ्टचं दार नीट लागलं का, मागे वळून.
मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी
सगळे विषय वाचले, पी.टी.सुद्धा.
बायको म्हणाली, "सुधारलास की बिघडलास, कळत नाही."
खिडकीतून तळ्यावर फ्लेमिंगो उतरताना दिसायचे.
एखाद्याचा अंदाज चुकला की तो पुन्हा वर उठायचा,
मोठी चक्कर मारून यायचा,
आणि बाकीचे मान वर करून बघतसुद्धा नसत.

एका रात्री नऊला गेटवर
हणमंताचं रजिस्टर सहज उघडलं.
अकराची फेरी: ठीक. एकची: ठीक. चारची: ठीक.
सही, सही, सही.
रात्र अजून सुरू व्हायची होती
आणि पहाट ठीक होती.

ओरडायला तोंड उघडलं, आणि तसाच राहिलो.
फ्लॅप्स? चेक्ड. स्पीड? चेक्ड.
बाहेरच्या ढगांकडे बघत म्हटलेले ते सगळे चेक्ड.
किती वर्षं मी चारची फेरी
नऊलाच लिहीत आलो होतो.
"साहेब, सेक्रेटरीला सांगाल?" हणमंताने विचारलं.
"नाही," म्हणालो. "मी कोण सांगणार."

शर्वाणीला मात्र गाठून विचारलं,
दुसऱ्यांदा का नाही बोललीस?
ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणालात ना, दिसतंय."
चहा तसाच ठेवून उठली.

परवाना परत मिळाला.
आता उड्डाणाआधी शेजारच्याला सांगतो,
"माझं चुकलं तर बोल. मी दिसतंय म्हटलं तरी बोल.
मागे एकदा मी ऐकलं नव्हतं."
पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला,
तो पोरगा आपल्या बुटांकडे बघत राहिला.
दहाव्यांदा पाणी लागलं नाही.
चाळिसाव्यांदा वाक्य पट्ट्याच्या खटक्यासोबतच निघालं.
परवा तर म्हणता म्हणता
मी चहाच्या कपाचं झाकण लावत होतो.

काल पहाटे साडेचारला टॅक्सीतून उतरलो.
हणमंता रजिस्टर घेऊन धावत आला.
"आता खरंच फिरतो, साहेब."
अकरा वाजून सात. एक वाजून एकोणीस. तीन बावन्न.
वेडेवाकडे आकडे, विश्वास बसावा असे.
विचारलं, "हे खरे, की खरे वाटावेत म्हणून?"
तो हसला. त्याने रजिस्टर मिटलं.

लिफ्टमध्ये शिरलो.
दार लागलं का, हे वळून पाहिलं की नाही,
सातव्या मजल्यापर्यंत
आठवेना.