तिठ्यावरची मोजणी

तीन दिवस मोजतेय लांज्याच्या अलीकडचा तिठा,
सकाळी सात ते रात्री नऊ, हातातलं यंत्र टिकटिक.
ट्रक, एस्टी, डंपर, रिक्षा, दुचाकी.
बैलगाडीचा रकाना अजून छापतात. तो कोराच.

रात्री लॉजवर चार आराखडे चालवून बघते.
चौपाकळी: वळणं देखणी, पण चढणारी गाडी
नेमकी उतरणारीच्या वाटेत.
हिरा: सिग्नलपाशी रांग, ताशी बाराशेनंतर तुंबतो.
गोल चक्कर: एक डंपर आला की संपलं.
तुतारी: सरासरी खोळंबा नऊ सेकंद.

तीन वाटांना तुतारीच, हे शिकवलेलंही आहे.
फक्त तिच्या घेरात सापडतात
जांभ्याचा एक गडगा, अकरा काजू
आणि मुकादमांची बर्फाची टपरी.

आज संध्याकाळी रज्जाक मुकादमांनी विचारलं,
"मॅडम, यात थांबायचं कुठं?"
म्हटलं, थांबायचंच नाही, तेच तर.
ते हसले नाहीत. मासळीच्या टेम्पोतून
बर्फाचं पाणी डांबरावर ठिबकत होतं.
मागे देवरुखची एस्टी, इंजिन चालू,
खिडकीतून एक डबा बाहेर, एक पिशवी आत,
कंडक्टर सुट्टे शोधतोय,
आणि मागचा कुणी हॉर्न देत नाही.

मी घड्याळ लावलं. बावन्न सेकंद.
नियमाप्रमाणे लिहिलं: खोळंबा, कारण अज्ञात.

मग 'अज्ञात' खोडलं.
त्या जागी काय लिहावं सुचेना,
तेवढ्यात सहा डंपर
मोजायचे राहून गेले.