हाडाआधी हाड

आमच्या वर्गाच्या फोटोत
सत्तावीस मुलं आहेत आणि एकही दात नाही.
फोटोवाला दार-ए-सलामचा, त्याला वाटलं डोंगराकडची पोरं अबोल.
हसवायला त्याने बोकडाचा आवाजसुद्धा काढला.
आम्ही ओठ आणखी घट्ट मिटले.

पुढे शहरात बसचा कंडक्टर
सुटे पैसे देताना तोंडाकडे बघून
माझं गाव सांगायचा.
बरोबर सांगायचा.

मेरू डोंगराचं पाणी दिसायला काच.
गढूळ असतं तर आईने गाळलं असतं,
वास मारतं तर आम्हीच तोंड वाकडं केलं असतं.
ज्याला रंग नाही, वास नाही
त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची?
आई ते उकळायची. तिने जंतूंबद्दल ऐकलं होतं,
आणि जंतू मरायचेही बिचारे.
पण फ्लोराइड म्हणजे काही जीव नव्हे, मरायला.
वाफ वर जायची, ते खाली राहायचं,
पाणी आटेल तसं दाटत.
शिवाय मका-घेवडा लवकर शिजावा म्हणून
आई चिमूटभर मगादी टाकायची,
तळ्याकाठचा तो खारट दगड. त्यातही तेच.
मायेने रांधलेलं, हाडीमाशी भिनलेलं.
बाबांचा कणा चाळिशीत असा धरला
की आभाळ बघायचं तर आडवं व्हावं लागे.

मग एलिफासी म्बिसे आला, पाणी जोखायला.
नळीत थेंब टाकला, हलवली,
रंग बघून काही बोलला नाही.
दुसऱ्या खेपेला पिंप घेऊन आला
आणि पिंपात भरायला काळी खडी:
गुरांची हाडं, भट्टीत कोंडून भाजलेली, कुटलेली.
शेजारच्या झुहुराने विचारलं, डुकराची नाहीत ना?
सासूबाई म्हणाल्या, मेलेल्याच्या अंगावरून आलेलं पाणी
मी या लेकराला पाजू?
तो म्हणाला, मामी, त्याला हाडच लागतं.
बैलाचं दिलं नाहीत तर तुमचं घेईल.

त्याच वर्षी आमचा तांबू बैल गेला.
चौदा वर्षं आमच्या उतारावर हाडाची काडं केलेला.
मी ती हाडं धुतली, उन्हात वाळवली,
पोत्यात घालून भट्टीपर्यंत पाठीवर नेली.
एलिफासीने जबडा तेवढा हातात घेतला
आणि दात माझ्याकडे वळवले.
तपकिरी. आडव्या रेघांचे. माझेच.
'हा तुमच्याच ओढ्यावर पाणी प्यायलाय,' तो म्हणाला,
'याची हाडं आधीच पोटभर जेवलीत.
आम्ही लांबच्या गुरांची आणतो.'

पोतं परत आणलं. केळीखाली पुरलं.
बैल मेला तेव्हा मी रडले नव्हते.

आता चुलीजवळ पिंप आहे.
रात्री सगळे झोपले की ऐकू येतं, थेंब थेंब,
कुठल्याशा अनोळखी गायीच्या हाडांतून.
तेही थकतं. थकलेलं कळत नाही,
पाणी तसंच काचेसारखं गळत राहतं.
झुहुराचं पिंप गेल्या पावसाळ्यातच भरलं होतं,
तरी ती वर्षभर पाहुण्यांना त्यातलंच देत होती, अभिमानाने.
म्हणून मी दर महिन्याला बाटली पाठवते तपासायला,
आणि खडी बदलायची तर केळीचे तीन घड विकते.
नवऱ्याला हे जास्त वाटतं.
वाटू दे.

नान्योरी आठची झाली. पुढचे दात नवे आलेत.
संध्याकाळी दिव्याखाली मी तिला आ करायला लावते.
तिला वाटतं, मी घसा बघते.
स्वच्छ आहेत. फक्त उजवीकडे, कडेला,
खडूने टेकवल्यासारखा एक ठिपका.
पिंप आलं तेव्हा ती दीड वर्षाची होती.

'काय दिसतंय?'
काही नाही गं. हा जुना आहे, आधीचा.
'कशाच्या आधीचा?'
ती तोंड उघडंच ठेवून विचारते,
त्यामुळे शब्द नीट येत नाहीत,
आणि मला न कळल्यासारखं करता येतं.