नखावरचा सूर

झोलिंगेनमध्ये, वुपर नदीच्या वळणावर,
जिथे पाण्याच्या जोरावर सहाणा फिरायच्या
तिथे आता आमचं गोदाम आहे.
सेव्हगी चिकटपट्टी लावते, मी शिक्का मारते:
पाचशेपैकी एकशे बारावा.
शिक्क्यातला आकडा आपोआप पुढे सरकतो.
पाचशे झाले की
पुन्हा एकवर येतो.

साबणांची नावं यानिक ठेवतो.
‘वादळानंतरचा गोदी कामगार.’
‘लाकूडतोड्याचा रविवार.’
हुंगून बघा, दोन्हींत तोच लिंबाच्या सालीचा वास,
रविवारात फक्त जरा धूर.
ब्रशाचा दांडा बुडालेल्या जहाजाच्या ओकाचा.
गेल्या नाताळात दांडे गेले तेवढ्या ओकात,
सेव्हगी म्हणते, अख्खं आरमार बुडालं असतं.

माझे वडील घणाखाली कात्र्या घडवायचे.
पहाटे पाचला, कान तुटलेल्या कपात फेस,
साबणाची वडी पार आरपार दिसेपर्यंत तीच,
हनुवटीवर रक्त थांबवायला वर्तमानपत्राचा कपटा.
कधी कधी तो तसाच कामावर जायचा,
कुणाची तरी निधनवार्ता घेऊन.
तीन मिनिटं. त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.
आता त्याला विधी म्हणतात.
विधीला चौदा वस्तू लागतात,
पंधरावी मार्चमध्ये येते आहे.

बिनपाण्याने करतात ती हजामत वेगळी.
ही भरपूर पाणी घेऊन, कोमट,
गोल गोल फेस लावून करतात,
आणि गिऱ्हाईक आरशात बघून
स्वतःवरच खूश होतं.

यंदाचा वस्तरा गातो.
म्हणजे खोकं गातं.
झाकण उघडलं की आत बटणाएवढा सेल,
आणि एक बारीक, लांबलेला टणत्कार:
पोकळ घासलेल्या पात्याला
अंगठ्याच्या नखाने छेडल्यावर येतो तो.
झाकणावर एगॉन हालबाखचे हात.
वय चौऱ्याऐंशी, नखांखाली अजून सहाणेची राख.
फोटोचे दोनशे युरो मिळाले, एकदाच.
पातं कुठून येतं ते तळाशी लिहिलंय,
मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत.

परवा एक खोकं मी त्याच्या घरी नेलं.
त्याने हातांकडे पाहिलं नाही.
उघडलं, मिटलं. उघडलं.
मान तिरकी केली, जसा डॉक्टर
छातीला कान लावताना करतो.
मग म्हणाला, ‘याला तडा आहे.’
मी म्हटलं, ‘खोक्याला?’
‘ज्या पात्याचा आवाज घेतला त्याला.
टाचेजवळ. केसाएवढा.
सूर शेवटी बसतो बघ, घशात कफ असल्यासारखा.
असलं पातं आम्ही टोपलीत फेकायचो.’

मला काही ऐकू आलं नाही.
आठ वेळा उघडून पाहिलं.

यानिकला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला,
आणि मला वाटलं, बरं झालं, कुठेतरी लागलं.
मग म्हणाला, ‘तडा.
छान आहे हा शब्द. कुठे वापरता येईल?’

त्याच दिवशी ओस्लोहून पत्र आलं.
हाताने लिहिलेलं, शाईच्या पेनाने.
गृहस्थांना छातीपर्यंत दाढी आहे,
वस्तरा लावायचा विचार नाही,
पण बायको गेल्यापासून घर फार शांत असतं.
रोज सकाळी ते खोकं उघडतात. एकदाच.
सेल संपला तर नवा कुठला घालावा,
एवढं कळवाल का?

हे पत्र मी यानिकला दाखवलेलं नाही.
एप्रनच्या खिशात आहे.
उत्तर लिहिण्यासाठी सेलचा नंबर हवा,
म्हणून पुन्हा एगॉनकडे गेले.
खोकं खिडकीत होतं, झाकण सताड उघडं,
आणि चिडीचूप.
त्याने सेल काढून
स्वयंपाकघरातल्या काट्यात बसवला होता.
पुढ्यात आलुबुखारांचा ढीग, टेबलभर पीठ,
आणि काट्यावर लाल आकडे
स्थिर व्हायची वाट बघत
तो माझ्याकडे न बघताच म्हणाला,
‘थांब. हात लावू नकोस टेबलाला.’