सातव्या बरणीची नोंद

फ्रिझलंडच्या किनाऱ्यावर, समुद्राचा बांध ओलांडला
की खाजण लागतं. ओहोटीला मैलभर नुसता गाळ,
राखाडी, चमकता, सडक्या अंड्यांच्या वासाचा.
येल्ट्येनं कोपरापर्यंत हात घातला त्यात
आणि म्हणाली, वरचा तपकिरी नको,
खालचा काळा काढा.
हवा पोचत नाही तिथला.

काकडीच्या लोणच्याच्या आठ रिकाम्या बरण्या.
गाळात पुरलेलं कार्बनचं कापड,
गाळावर चार बोटं खारं पाणी,
पाण्यावर तरंगतं दुसरं कापड,
आणि दोघांमधून बाहेरून फिरून आलेली तार.
"खाली ते जेवतात," ती म्हणाली,
"पण श्वास टाकायला हवाच नाही.
मग तारेत टाकतात."
मी वहीत लिहिलं:
जेवणारे अगणित. पानावर कोणी दिसत नाही.

हिल्केला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं.
कोळंबीच्या बंद पडलेल्या शेडमध्ये
त्यानं आईच्या लग्नातले उरलेसुरले कप टांगले,
प्रत्येकाशेजारी चमचा, चमच्यामागे चुंबक.
बरणीतून पुरेसं साठलं की चमचा हलणार.
एकदाच.
मग पुन्हा थेंबथेंब साठवण.
येल्ट्ये म्हणाली, "याला मी उपकरण म्हणणार नाही."
तो म्हणाला, "मीसुद्धा नाही."

सातवी बरणी ताडून बघण्यासाठी.
तिचा गाळ मी माझ्या कुकरमध्ये शिजवला,
तीन दिवस, रोज तासभर.
पडद्यांना वास बसला. नवरा बहिणीकडे जेवला.
"ही गप्प राहिली पाहिजे," येल्ट्येनं बजावलं,
"तरच बाकीच्यांचं बोलणं खरं."

पाच दिवस शेडमध्ये नुसता वारा.
सहाव्या दिवशी, दुपारी, तिसरी.
टिण्.
आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो,
पाळण्यातलं मूल जागं झाल्यासारखं कुणी हललं नाही.
मग पहिली, मग आठवी, मग दुसरी,
प्रत्येकीची आपली चाल, कुणाची घाई, कुणाचा आळस.
वहीत: तिसरी, चारशे दहा मिलिव्होल्ट.
सातवी, शून्य. सातवी, शून्य. सातवी, शून्य.

वित्से रोज संध्याकाळी येऊन बसायचा.
एक्याऐंशी वर्षांचा, जन्मभर वाम पकडलेला,
याच गाळात गुडघे झिजवलेला.
"तिला काय झालंय?" त्यानं सातवीकडे हनुवटी केली.
"तिला उकळलंय."
"कशाला?"
"पुराव्यासाठी."
"पुरावा," तो म्हणाला,
तोंडातला काटा जिभेनं चाचपावा तसा.

सव्विसाव्या रात्री मी दिवा मालवत होते.
एक आवाज आला, बसका, कान तुटलेल्या कपाचा.
मोजून पाहिलं.
सातवी.

येल्ट्येनं तारा सोडल्या, जोडल्या,
मीटर बदलला, माझ्या कुकरवर संशय घेतला.
मग तिला बरणीच्या काठाला आतून
सुकलेला काळा ओघळ दिसला, अंगठ्याएवढा.
वित्से दारातच उभा होता, टोपी हातात.
"एकच चमचा," तो म्हणाला. "रोज. बाहेरचा ताजा."
विरजणापुरता, असं मी मनात म्हटलं.
"आठ जणी आणि एकटी तीच गप्प.
मला बघवेना."

येल्ट्ये काही बोलली नाही, बराच वेळ.
चार आठवड्यांचं काम होतं तिचं.
मग माझ्या हातून वही घेतली,
सातव्या रकान्यावर आडवी रेघ मारली,
लिहिलं: बाद.
खाली कारण लिहायची जागा होती.
पेन तिथे टेकलं, उचललं.
ती जागा अजून कोरी आहे.

हिल्केनं मात्र विचारलं, तार काढू का?
ती बूट घालत होती, ओहोटीची वेळ झाली होती,
नवा गाळ आणायचा होता, नवी बरणी, पुन्हा कुकर.
"राहू दे," ती म्हणाली,
"पण तिचं मोजू नका."

मी मोजत नाही.
साधारण पावणेदोन तासांनी वाजते.